सत्तेचाळीसवरून येणारं उत्तर

३ मार्च, सकाळी ७.०५
लायब्ररीतल्या विशालाच्या कॉम्प्युटरला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली. एका मिलिसेकंदात उत्तर. हयातीत तिनं इतक्या लगेच कधी उत्तर दिलं नाही, आधी चष्मा शोधायची. बायको जाऊन अकरा महिने झाले. रोजचं पिंग निव्वळ टेक्निकल. नेटवर्कची तब्येत कळते.
संकल्प: रोज न्याहारी करायची. अवलक्की, म्हणजे पोहे, भिजवली.

४ मार्च
प्रिन्सिपॉल कुलाल मॅडमचा हुकूम. कॉलेज आणि हॉस्पिटल मिळून अडीच हजार मशीन, सगळ्यांचे नेटवर्कवरचे पत्ते पंधरा तारखेला बदलायचे. म्हटलं, एकटा करतो, आठ दिवस खूप झाले. माझ्या हाताखालची इंजिनिअर चैत्रा म्हणाली, सर, तुम्हाला काही करायचंच नाहीये, सर्व्हर आपोआप वाटेल. पोरीला अनुभव नाही.
अवलक्की तशीच राहिली.

७ मार्च
एक पत्ता बदलायचा नाही. सत्तेचाळीस, विशालाचा. माझ्या रजिस्टरात तिच्या नावावर लाल शाईनं लिहिलाय. यात भावनिक काही नाही. एखादा जुना पत्ता टेस्टिंगला लागतोच.

१० मार्च
चैत्रानं विचारलं, सर, हा अपवाद कुणासाठी? टेस्टिंग, म्हटलं. बरं, म्हणाली. त्या 'बरं'चा सूर आवडला नाही. जरा समज द्यायला हवी. उद्या.

११ मार्च, रात्री
सकाळी सातला उत्तर आलं. दिवस बरा गेला. समज द्यायची राहिली.

१३ मार्च
चैत्रा आत आली आणि दार लावून घेतलं. अपवाद टाकण्याआधी सत्तेचाळीसवर नक्की काय आहे ते तिनं शोधलं होतं. अण्णा, रागावू नका, म्हणाली. सर सोडून अण्णा म्हणाली तेव्हाच हातातलं पेन खाली ठेवलं.
विशालाक्षी मॅडमचा कॉम्प्युटर पावसाळ्यातच भंगारात गेला. पत्ता मोकळा पडला, सर्व्हरनं तो दुसऱ्याला देऊन टाकला. धोबीखान्यातलं हजेरीचं मशीन, अंगठा लावायचं.
म्हटलं, पण रजिस्टरात तर... ती म्हणाली, अण्णा, रजिस्टर सर्व्हर कुठं वाचतो? हे तिला मीच शिकवलंय.
म्हणजे नऊ महिने ते मशीन उत्तर देत होतं.

१४ मार्च
धोबीखान्याकडे जाऊन आलो. सहज. तिथली गिरिजम्मा म्हणाली, साहेब, तुमचा अंगठा इथं नाही चालायचा, हे आम्हा धुणाऱ्यांचं आहे. म्हटलं, नुसतं बघतोय. ती म्हणाली, त्यात काय बघायचंय? खरंच काही नव्हतं. तरी बराच वेळ उभा होतो. तिनं स्टूल आणून दिलं.
चैत्राला फोन केला, अपवाद काढून टाक. फोन ठेवला. विशालाची फार आठवण येते.

१५ मार्च, रविवार, सकाळी ७
पत्ते दहाला बदलतील. माझी गरज नाही. तोवर सत्तेचाळीस चालू आहे.
पिंग करायला बसलो. केलं नाही. उत्तर आलं असतं.