फियाटच्या पोटातली चीर

१७ जानेवारी
रफीकने गॅरेजमधून हाक मारली. "वैनी, हयसर बघा." आमच्या फियाटचा गिअरबॉक्स उतरवून ठेवलेला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं ते घंटेसारखं कवच — गॅरेजवाले त्याला बेल म्हणतात — त्यावर बोल्टच्या भोकापासून चीर गेली होती. केसाएवढी. आत क्लच गरगर फिरतो, आणि वर आम्ही बसतो!

कारण काय, तर गिअरबॉक्सखालचं रबर. "रबर कुजलो. गिअरबॉक्स हलता, आणि सगळो भार ह्या पातळ ॲल्युमिनियमार येता." तारकर्लीच्या खाऱ्या हवेत माणसं तेवढी कुजायची राहिलीत.

नवी बेल? मिळत नाही म्हणे. आमच्या लग्नाआधीची गाडी ती.

१८ जानेवारी
पुढच्या महिन्यात लेकीला, संचिताला बाळंतपणासाठी कोल्हापूरहून आणायचंय. फोंडा घाटातून. याच गाडीतून! भाड्याची गाडी करू म्हटलं, तर हे उखडले. "संचिता जल्माक इली तेव्हा ह्याच गाडयेतसून घराक हाडलंय. आतां दुसरी गाडी कित्याक?"

"घाटात बेल फुटली तर?"

"काय होतला? गाडी थांबतली."

उतारावर? पोटुशी पोर मागे बसलेली असताना? यांनी पेपर तोंडासमोर धरला. भीती वाटायचं काम या घरात मी एकटीनेच करायचं.

२३ जानेवारी
कुडाळहून बेल जोडून आली. मी विचारून विचारून रफीकचा जीव खाल्ला. आधी मुरलेलं तेल धुऊन काढायचं. चिरेच्या टोकाला बारीक भोक मारायचं — "नायतर ती फुडे पळता, वैनी." मग चीर कोरून, तापवून आर्गॉन गॅसचं वेल्डिंग. रबर नवं, बोल्ट नवे. जोडावरून बोट फिरवलं. चांगला जाड आहे. जरा हायसं वाटलं.

२४ जानेवारी
मालवणात जाऊन आलो. हे पहिल्यापासून अनवाणी गाडी चालवतात. "पायाक गाडी कळाक व्हयी." आज मात्र प्रत्येक गिअरला असा हिसका, की माझं डोकं मागे! नवं रबर आहे, बसायला वेळ लागेल म्हणाले. असेल बाई.

२ फेब्रुवारी
यांची एक चप्पल तुळशीपाशी, एक पायात, आणि हे पार माडाच्या आळ्यात! सुटलेली कळलीच नाही म्हणे. "म्हातारे झालात," मी चिडवलं. एरवी दोन टोले परत हाणतात. आज नुसते पायाकडे बघत राहिले.

१० फेब्रुवारी
परत फुटली!!

जोडाच्या अगदी बाजूला. रफीक डोकं खाजवत बसला. रबर ठीक. बोल्ट घट्ट. गिअरबॉक्सही सरळ बसलेला. मग फुटते कशाने? शेवटी यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं, "वैनी, भाऊ क्लच एकदम सोडतत काय? तो हिसको बेलीर बसता."

पण यांचे कान तिखट. "रफीकाच्या जल्माआदीपासून गाडी चालवतंय मी!" असे ओरडले की रस्त्यावरचे लोक थांबले. मला लाज वाटली. आणि त्याहून जास्त भीती — यांचा आवाज नेहमीच्या रागाचा नव्हता.

१२ फेब्रुवारी
संचिताचा फोन. "आई, रविवारी येताय ना?" हो म्हटलं.

१४ फेब्रुवारी
बेल दुसऱ्यांदा जोडून बसवली. डोळे मिटले की मला चीरच दिसते. घाटाच्या वळणावर वाढत चाललेली.

१५ फेब्रुवारी
उद्या निघायचं म्हणून हे गाडीत पेट्रोल भरून आले. मी आत पुसायला गेले. क्लचच्या पेडलवर रक्त! पायपुसण्यावरही.

धावत ओट्यावर आले. हे मजेत चहा पीत होते. डावा तळवा उचलून बघितला — कालवाच्या शिंपलीचा तुकडा आत रुतलेला. सकाळी मी माडाखाली टाकलेली शिंपली.

"अहो, ह्या कधी लागला?"

"काय लागला?"

तुकडा उपटून काढला. हूं की चूं नाही! अंगठा चिमटीत धरून जोराने पिरगळला. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. साखर वाढली, साखर वाढली म्हणून डॉक्टर इतके ओरडत होते ते हे! साखरेने बधिर झालेल्या त्या पायाला क्लच कुठला कळणार?

"कधीपासून?"

यांनी कप खाली ठेवला. मग, "गणपतीपासून."

"आणि माका सांगलात नाय?"

"भय वाटला गो."

मी रफीकला फोन लावला. उद्या गाडी तो चालवणार. मी न मागताच यांनी चावी माझ्या हातात ठेवली.