धडगावचा दुसरा खेळाडू

१ जानेवारी २०२५
आजपासून रोजनिशी. ही कोणाला दाखवायची नाही. या गावात वाचून समजेल असं तरी कोण आहे?
नाव हेमकांत. वय त्रेचाळीस. सरकारी ऑफिसात आवक-जावक टेबल. छंद: यो-यो. शहादा तालुक्यात यो-यो खेळणारा दुसरा माणूस नाही, म्हणजे तालुक्यात मी पहिला. नंदुरबारलाही चौकशी केली. तिथेही कोणी नाही. म्हणजे जिल्ह्यात पहिला. धुळ्याची चौकशी बाकी आहे.
संकल्प: रोज सकाळी सहा ते सात गच्चीवर सराव. मार्चअखेर पंचवीस ट्रिक्स.

४ जानेवारी
थंडीने बोटं आखडतात. आखडलेल्या बोटांनी सराव केला तर चुकीची सवय लागते. सराव थंडी गेल्यावर.

९ जानेवारी
ऑनलाइन मागवलेला मेटलचा यो-यो आला. आत बेअरिंग. आजवरचा प्लास्टिकचा आता कपाटात. तो हौशी लोकांसाठी असतो.
गच्चीवर गेलो, बोटात दोरी अडकवली, खाली सोडला. फिरला. काय फिरला! पायाशी गरगरत राहिला. झटका दिला. वर आला नाही. आणखी झटका दिला. फिरून फिरून दमला आणि लटकला.
स्वप्नाली पापड वाळत घालायला आली होती. म्हणाली, वर येत नही का तो? मी म्हटलं, हा पुढच्या लेव्हलचा आहे, याला वर यायची गरज नसते. ती पापडांकडे वळली. चौदा वर्षं संसार झाला, पण खेळातलं हिला काही कळत नाही.

१३ जानेवारी
कंपनीला कडक ईमेल केला होता. उत्तर आलं: हे मॉडेल नुसत्या झटक्याने वर येत नाही. दोरीचा एक पदर फिरत्या चाकात घालून अडकवायचा, मग तो आपोआप हातात येतो. याला ‘बाइंड’ म्हणतात. सोबत व्हिडिओ.
व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. स्पीड कमी करून चार वेळा. त्यातला माणूस हात कुठेतरी नेतो आणि यो-यो हातात. मधलं काहीच दिसत नाही. एडिट केलेला आहे. लोक फसतात.

२६ जानेवारी
झेंडावंदन झाल्यावर नंदुरबार जिल्हा यो-यो संघटनेची स्थापना केली. अध्यक्ष, सचिव, मुख्य प्रशिक्षक: मी. सभासदत्व योगेंद्रला देऊ केलं. तो शेजारच्या टेबलावर बसतो. बरं का, फी माफ. तो म्हणाला, त्यापेक्षा भवरा फिरव, निदान जमिनीवर तरी उभा राहतो. असल्या बुद्धीने माणूस वीस वर्षं एकाच टेबलावर राहतो. मीही वीस वर्षं एकाच टेबलावर आहे, पण माझं कारण वेगळं आहे.

१७ फेब्रुवारी
बाइंड अजून नाही. कारण सापडलं. हवेत कापूस. जिनिंगच्या दिवसांत इकडे सगळीकडे तंतू उडतात, ते बेअरिंगमध्ये शिरतात. पुण्या-बंगळुरूच्या लोकांना हा अडथळाच नाही. त्यांनी शहाद्यात येऊन करून दाखवावं.

१५ मार्च
काल सकाळी काठी गावाला गेलो. तिथली राजवाडी होळी. बरोबर योगेंद्र. पहाटे होळी पेटून गेली होती, तरी डोंगर माणसांनी भरलेला. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू, ढोल. ठरवलं, पहिला जाहीर प्रयोग इथेच. नवीन निळा ट्रॅकसूट त्यासाठीच घातला होता.
मोकळी जागा बघून सुरू केलं. खाली टाकला, हाताने गुंडाळला. पुन्हा टाकला, पुन्हा गुंडाळला. बघताबघता पन्नास-साठ लोक. मग मोठा गोल फिरवायला घेतला. वर जाताना दोरीचा पीळ सुटला आणि यो-यो माझ्या कपाळावर. तांत्रिक घटना. दोरी सुमेरमलशेठच्या दुकानातली होती. तो माणूस पतंगाचा दोराही कच्चाच ठेवतो.
योगेंद्रने कपाळाला रुमाल बांधला. लोक फार आनंदात होते. एका म्हाताऱ्याने पुन्हा करा अशी खूण केली. प्रयोग यशस्वी.

४ एप्रिल
मोठी बातमी. ऑफिससमोरच्या टपरीवर भीमसिंग भेटला. शहादा-धडगाव जीप चालवतो. माझ्या हातातला यो-यो बघून म्हणाला, साहेब, आमच्या धडगावकडे पण एक माणूस अशीच चकरी खेळतो म्हणतात. पॅसेंजर बोलत होते.
जिल्ह्यात दुसरा खेळाडू! आणि मला कळवलं नाही!
अर्थात काळजीचं कारण नाही. ना कोच, ना संघटना. काय खेळत असेल?

८ एप्रिल
भीमसिंगला आणखी माहिती काढायला सांगितलं होतं. म्हणतो, त्याने स्वतः पाहिला नाही, पण लोक सांगतात की माणूस चाळिशीचा आहे. डोक्याला फडकं गुंडाळतो. चकरी फेकतो, ती वर येत नाही, मग हातानेच गुंडाळतो आणि स्वतःशी बडबडतो. मध्येच कपाळावर मारून घेतो. नवस असेल, असं लोकांचं मत.
ऐकण्यासारखं वर्णन. हाताने गुंडाळणं! कपाळावर मारून घेणं ही नवशिक्याची खूण आहे. असल्या लोकांमुळे खेळाची बदनामी होते. संघटनेतर्फे त्याला समज द्यावी लागेल.

१९ एप्रिल
पत्र लिहायला घेतलं. ‘आपण कोणाच्या परवानगीने’ इथपर्यंत आलो. पत्ता नाही म्हणून थांबलो.

२३ एप्रिल
आज सकाळी सलग दीड तास. बाइंड शून्य. तंतूंचा हंगाम संपला, तरी नाही.
एक विचार. त्याचाही यो-यो वर येत नाही, म्हणजे त्याच्याकडेही बेअरिंगचाच असणार. तरी खेळतोय म्हणजे काहीतरी शोधून काढलं असेल. विचारायला हरकत नाही. अर्थात विचारायचं नाही, परीक्षा घ्यायची. ‘तुम्ही बाइंड कसा करता, दाखवा बरं,’ असं. त्याने दाखवला की आपण बघून घ्यायचं.

३० एप्रिल
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरात पुरणपोळी, आंब्याचा रस. झोक्यावर बायकांची गाणी. एकटाच गच्चीवर गेलो. खाली टाकला, गुंडाळला. टाकला, गुंडाळला. असं वाटलं, समोर कोणी असतं तर निदान ‘अरे!’ म्हणालं असतं. उन्हामुळे असे विचार येतात. खाली येऊन झोपलो.

६ मे
शनिवारी धडगाव. ठरलं. स्वप्नालीला सांगितलं की संघटनेचा तपासणी दौरा आहे. कोणाची तपासणी, तिने विचारलं. धडगावचा खेळाडू, म्हटलं. ती एकदम खूश झाली. कारण कळलं नाही. बाईमाणसाचं काय.

९ मे
तयारी. कपाटातला प्लास्टिकचा यो-यो पुसून पिशवीत टाकला. त्याचा मोडका असला तर देता येईल. नवीन चार दोऱ्या, पीळ तपासून. दाढी केली. ट्रॅकसूट नको, शर्ट-पँट. पहिल्या भेटीत समोरच्याला दडपण येऊ नये.
स्वप्नालीने कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून ठेवला. चार भाकरी कशाला, म्हटलं. म्हणाली, दोन जण शेतस ना.

१० मे, शनिवार
धडगाव. घाटात दोनदा उलटीसारखं झालं, झाली नाही. भीमसिंगने स्टँडवर उतरवलं आणि जालमसिंगकडे विचारा म्हणाला. जालमसिंगची चहाची टपरी आहे, गावातलं सगळं त्याला माहीत असतं.
दोन चहा घेतले. मग सहज विचारलं, इकडे चकरी खेळणारा एक माणूस आहे म्हणे?
जालमसिंग इतका हसला की किटली खाली ठेवावी लागली. टपरीवर सहा-सात जण होते. तो म्हणाला, साहेब, तो इथला नाही. तो तुमच्या शहाद्याचा. सरकारी बाबू आहे. होळीला काठीला आला होता, मी स्वतः तिथे होतो.
मग पुढे येऊन त्याने करून दाखवलं. एक हात वर, डोळे बारीक, छाती पुढे. फेकली. खाली वाकून बघितलं. ओठ हलवले. हाताने गुंडाळली. पुन्हा फेकली. मग गोल फिरवली आणि स्वतःच्या कपाळावर थाडकन हात मारून मागे बसला. एक म्हातारी चहा सांडेपर्यंत हसली. दुसऱ्याने सांगितलं, हे आता लग्नात पण करतात. पोरं नाचताना मध्येच फेकायची, गुंडाळायची, कपाळावर मारायची.
मीही हसलो. सगळे हसत असताना एकट्याने न हसणं बरं दिसत नाही.
जालमसिंगने विचारलं, तुमचा कोण लागतो तो?
म्हटलं, ऑफिसात आहे. तोंडओळख.
तो म्हणाला, त्याला सांगा, पुढच्या होळीला परत ये. लोक विचारतात, तो बाबू येणार का म्हणून.
चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत.
परतीची जीप भरायला दोन तास लागले. एका झाडाखाली बसलो. पिशवीत हात घातला, तर दोन्ही यो-यो हाताला लागले. बाहेर काढले नाहीत. भाकरी चारही खाल्ल्या. वाया जायला नकोत.

११ मे, रविवार
सकाळी चहाच्या वेळी स्वप्नालीने विचारलं, भेटना का तो?
भेटला, म्हटलं.
कसा खेळस?
बेताचाच. वर आणता येत नाही त्याला.
मंग तुमी त्याले शिकाडं का?
म्हटलं, मलाही ते नीट येत नाही. हे वाक्य कसं निघालं माहीत नाही. घाटाचा परिणाम अजून असणार.
तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला. मग विचारलं, माणूस कसा आहे. मी विचार करून सांगितलं, बढाया फार मारतो. कोणाचं ऐकत नाही. आणि एकटाच खेळतो, त्यामुळे आपण किती कच्चे आहोत ते त्याला कोणी सांगितलेलं नाही.
लगीन व्हयेल शे का त्यानं?
झालंय, म्हटलं.
तर म्हणे, पुढच्या रविवारी जेवायला बोलवा त्याला. मी म्हटलं, तो येईल असं वाटत नाही. ती म्हणाली, येई. एकला माणूस, कोनी बलावस तर येस. आणि येताना बायकोला नक्की घेऊन यायला सांगा, त्या बाईशी तिला निवांत बसून बोलायचं आहे.
मी हो म्हटलं.