मर्यादा सुनेने पाळायची असते

८ फेब्रुवारी १९८८
आज कुंदा मला म्हणाली, आई, बोलण्याला काही मर्यादा ठेवा. सून, सासूला. मी एवढंच म्हटलं होतं की तुझ्या माहेरी भाजीत मीठ घालायचं कुणाला कळत नाही. तेही तिच्या भावाच्या तोंडावर. पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

हा शब्द सुनांसाठी आहे. मर्यादा म्हणजे डोक्यावर पदर, पुढच्या खोलीत यायचं नाही, खाटेवर बसायचं नाही, विचारलं तर 'हो' आणि जेवायचं शेवटी. बावीस वर्षांपूर्वी मीच तिला शिकवली. सासूला ती लागत नाही. चौथी पास आहे मी, इतकं कळतं.

ठरवलं. उद्यापासून मीच पाळून दाखवते. दोन दिवसांत पाया पडेल.

९ फेब्रुवारी
पदर घेतला. आतल्या खोलीत बसले. पंडित पोटचा मुलगा, त्याने चहा विचारला, 'हो' म्हटलं. तो पेपर वाचत बसला. घाबरलाय.

१० फेब्रुवारी, दुपार
कुंदा माझ्या खाटेवर बसून शेंगा फोडत होती. शेजारच्या सुमनबाईने विचारलं, काय वं, म्हातारी गावाला गेली का? कुंदा म्हणाली, नाही, आहे ना घरात. दोघी हसल्या. लाज लपवायला माणूस हसतं.

१२ फेब्रुवारी
शेवटी जेवले. भरीत संपलं होतं. भूक नव्हतीच.

१३ फेब्रुवारी
उद्या नातीला बघायला भुसावळचे पाहुणे. मुलगा रेल्वेत. मी 'हो' म्हटल्याशिवाय या घरात लग्नाची सुपारी फुटत नाही, हे बठ्ठ्या देवपुराला, घराघराला माहीत आहे. बोलवायला येतीलच. नवं लुगडं काढून ठेवलं.

१४ फेब्रुवारी, रविवार
नेसून दाराआड उभी राहिले. मुलाच्या बापाने विचारलं, आजीबाई दिसत नाहीत? कुंदा म्हणाली, आहेत, पण त्या पुढच्या खोलीत येत नाहीत. तो म्हणाला, वा, अशी मर्यादेची घरं आता राहिली नाहीत, मुलगी इथलीच करायची. सुपारी फुटली. म्हणजे जमलं ते माझ्यामुळे.

मुलगा दिसला नाही. फटीतून त्याचे मोजे दिसले. निळे. भोक नव्हतं.

१९ फेब्रुवारी
जळगावहून लेकीचं, बेबाबाईचं कार्ड. विचारते, आई, मुलगा कसा आहे, तुला पसंत पडला का.

कार्ड ओट्यावर ठेवलं. मुलगा कुंदाने बघितलाय. उत्तर तिनेच लिहावं.