युसुफचं पूर्ण नाव

३ एप्रिल
टँकर आजही नाही. मागच्या प्लॉटवर मात्र सातवा मजला चढतोय, त्यांना पाणी कुठून मिळतं कुणास ठाऊक. वरच्या खोलीतला भाडेकरू समीर जेवला नाही. परदेशी पोरगा, विद्यापीठात शिकतो. देश इथं लिहीत नाही. भाऊ युसुफ तिकडं तुरुंगात, सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून. करुणाला फोन लावला. माझी धाकटी बहीण, जिनिव्हात मानवी हक्कांसाठी वकिलातींचे उंबरे झिजवते. "बघते, दादा."

९ एप्रिल
क.चा फोन. युसुफसाठी निवेदन, संयुक्त राष्ट्रांच्या सभेत वाचायचं, त्यावर देशांच्या सह्या. आधी लहान देशांकडं जातेय. "मोठे नुसतं बघू म्हणतात. लहानांनी हो म्हटलं की त्यांना गप बसायची लाज वाटते." फुलंब्रीला आमच्या वस्तीसाठी गावची विहीर खुली करून घेताना आईनं हेच केलं होतं. आधी टोकाची घरं, शेवटी पाटील. पोरगी आईवर गेलीय. अभिमान वाटतो, का लपवू?

१६ एप्रिल
अडलं. दोन बडे देश तयार, पण नाव नको म्हणे. "काही कैदी" एवढंच लिहा. आमची निर्मला म्हणाली, "घ्या की मग सह्या! नावाचं काय एवढं?" क. फोनवरच तापली. "वहिनी, आजोबांना गावानं जन्मभर अर्ध्या नावानं हाक मारली. मी नाव सोडणार नाय." मग हळू आवाजात तीच, "पण नाव घेतलं आणि त्याला आत मारलं तर? हे मी नाही ठरवायचं. त्याच्या आईला विचारा."

१७ एप्रिल
समीरनं जिन्यात बसून आईला फोन केला. मग इथं शिकलेल्या हिंदीत मला, "काका, अम्मी बोली, पूरा नाम पढ़ो. अब्बा का भी."

२४ एप्रिल
वाचलं! आम्ही तिघं मोबाइलला चिकटून. एका चिमुकल्या बेटाच्या देशाच्या प्रतिनिधी बाईंनी सभेत वाचलं, क. मागच्या रांगेत. बड्यांपैकी एक आला, एक फिरला. युसुफ, बापाचं नाव, आज्याचं नाव. समीर उठून उभा राहिला. मलाही बसवेना.

२ मे
युसुफला त्या तुरुंगातून हलवलंय. कुठं, कुणी सांगत नाही. क. म्हणाली, "चांगलं की वाईट, माहीत नाही दादा. उद्या परत पहिल्या दारापासून."
टँकर आला. समीर घागर भरत होता तेवढ्यात त्याच्या आईचा फोन. ऐकून माझ्याकडं वळला. "अम्मी पूछ रही, ज़ोर से पढ़ा था ना?"
नळी मी धरली. म्हटलं, सांग तिला, लई मोठ्यानं.