पुण्याचं बोलावणं

रोडपाली, शनिवार

प्रिय मनस्वी,

चौथी शिकलेल्या म्हातारीकडे नाटक शिकवणाऱ्या तीन शाळांची माहितीपुस्तकं पाठवून “आजी, तूच सांग कुठली घेऊ” असं विचारणारी सबंध पनवेलात तूच. मुंबईची जागा मिळालीय, बंगळूरला बुधवारपर्यंत हो कळवायचंय, आणि जिच्यासाठी जीव टाकत होतीस त्या पुण्याच्या शाळेने मुलाखतीलाही बोलावलं नाही, म्हणून कोल्हापुरात होस्टेलवर बसून फोनवर नाक ओढत होतीस. पुस्तकं मला शेजारच्या ट्रेलरवाल्या निकेशच्या बायकोने, रियाने, वाचून दाखवली. इंग्रजीचं मराठी करताना तिला चारदा हसू फुटलं. मला एकदाही नाही.

बंगळूरवाले म्हणे पहिले तीन महिने श्वास घ्यायला शिकवतात. बावीस वर्षं तू काय करत होतीस मग? त्यानंतर आठवडाभर जनावर व्हायचं. आपली म्हैस जन्मभर म्हैस झाली, तिला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. आणि ‘मातीशी नातं’ म्हणून एक दिवस भातलावणी! फोटो पाहिलास का? गुडघाभर चिखलात उभी राहून पोरं दात काढतायत आणि रोपांची जुडी उलटी धरलीय. उलट्या रोपाला कणसं येतात का ते विचार त्यांना.

मुंबईचं पुस्तक वीस पानांचं. त्यात चारुदत्त सर नावाच्या माणसाचे चौदा फोटो. गालाला हात लावून, खिडकीतून बघत, काळा चष्मा घालून. मास्तरच एवढा दिसणार असेल तर पोरं दिसायची कधी? दोन वर्षं तिथे राहिलीस तर हनुवटी वर करायला शिकशील, दुसरं काही नाही.

पुण्याच्या पुस्तकाने मात्र माझं डोकं फिरलं. ‘लोकपरंपरा’ असा एक भाग, त्यात कठपुतळीच्या खाली ‘आगरी लग्नातले धवले, दोन दिवस’. लग्नविधीची एवढी गाणी, आणि दोन दिवस! मी चुलतसासूच्या, गोदूबाईच्या, मागे अकरा वर्षं मांडवामांडवांतून हिंडले. ती धवला गायची, मी तिची ओळ झेलायची, म्हणजे तीच परत म्हणायची, बस. कोन गावाला एका हळदीत देवांना बोलावताना मी एक नाव गाळलं. म्हातारीने हळद थांबवली आणि पहिल्या ओळीपासून परत सुरू केलं. तीनशे माणूस ताटकळलं, नवरी ओल्या हळदीत कुडकुडत बसली. “जाऊ दे, लहान हाय” असं कुणी म्हणालं नाही. धवलारीण चुकली तर लग्न चुकलं, एवढं साधं होतं ते. आता मंडपात डीजेची गाडी लागलेली असते, आणि काल मिशी फुटलेला डीजेवाला कल्पेश मला सांगतो, “आजी, धा मिनटांत आटपा.” त्याच्या आईच्या लग्नात मी पहाटेपर्यंत गायले होते, तेव्हा कुठे हा जन्माला आला.

गुरुवारी मी निकेशच्या ट्रेलरमध्ये चढून पुण्याला ती शाळा बघून आले. दोन माणसांनी खालून ढकललं तेव्हा केबिनमध्ये पोचले. कशाला गेले ते सांगते. शाळेतला चहा म्हणजे गरम पाणी, आणि मुलांचे केस मुलींपेक्षा लांब. एका खोलीत एक मुलगी एकच वाक्य म्हणत होती आणि समोर बसलेली काटकुळी बाई फक्त “परत” म्हणत होती. मी मोजायचं सोडून दिलं. मुलगी रडली. बाईने तिचं रडणं संपू दिलं, पाणी दिलं आणि म्हणाली, “परत.” कुणी टाळी वाजवली नाही, कुणी फोन काढला नाही. मला ती बाई आवडली नाही, पण पटली. मी तिला तोंडावर विचारलं, दोन दिवसांत धवला शिकवणार कोण? तर म्हणे, तुम्ही याल का? मी म्हटलं, दोन दिवसांत मी पाटावर नीट बसायला पण शिकवनार नाय.

आता ऐक. पुण्याचं बोलावणं आलं होतं. बापाला कळू नये म्हणून फॉर्मवर तू माझा नंबर दिलास, पंधरा दिवसांपूर्वी त्यावरच फोन आला. त्याच सकाळी रियाने ते धवल्याचं पान वाचलं होतं. मी सांगून टाकलं, पोरगी येनार नाय, तिचं लगीन ठरलंय. पान हे निमित्त. सहावीपासून तू माझ्या डाव्या हाताला बसून धवला झेलतेस, तू गेलीस तर तिथे बसायला दुसरं कुणी नाही, हे खरं. मग तू फोनवर रडलीस, आणि मी आठ दिवस तोंड शिवून बसले. फोनवर कबूल करायला गेले असते तर तुलाच शिव्या घालून मोकळी झाले असते, म्हणून उद्या निकेशच्या हाती हा कागद. गुरुवारी पुण्याला गेले ती हे निस्तरायला, आणि मंगळवारी सकाळी अकराला तुला तिथे बोलावलंय. बंगळूरला नाही म्हणून कळव. त्या काटकुळ्या बाईला खरं सांगायची माझी छाती झाली नाही. लग्न मोडलं असं सांगितलंय, नवरा न्हावा शेव्याला कामाला होता, दारुडा निघाला. ती फार हळहळली. तेव्हा मंगळवारी आत शिरताना तोंड जरा पाडून जा, आणि तिने पाठीवर हात ठेवला तर हसू नकोस. एवढं जमलं नाही तर परत ये, तुझी नाटकं मांडवात बघू.

तुझीच,
आजी