स्टिअरिंगचा दांडा

सातारा,
२४ जुलै २०२५

ती. स्व. लालासाहेब मामांस,
संयोगिताचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसू नका. फोनवर आपलं भांडण होतं आणि ऐन रंगात तुम्ही फोन मामींच्या हातात देता, म्हणून तानाजीच्या टेम्पोतल्या पार्सलबरोबर हे पत्र. पार्सलमध्ये तुम्हीच घडवलेला स्टिअरिंगचा दांडा परत पाठवत आहे. तो लांब आहे. मी दिलेल्या पुठ्ठ्याच्या फर्म्यावर ठेवून बघा, वीतभर बाहेर जातो. सीटची चौकट तुम्ही इतकी मागे घेतली आहे की माझा पाय क्लचला पोचत नाही. पाठीला उशी लावून पुढे सरकले तर स्टिअरिंग छातीत रुततं. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते, मामा. रोज नवशिक्यांवर ओरडते की आधी सीट नीट करा, आणि माझ्याच गाडीत मी नवशिकी दिसते.

भंगारातली जुनी गाडी आणायची, छत कापून बुटकं करायचं, इंजिन उघडं ठेवायचं आणि बाकी एकेक भाग पत्र्यातून स्वतः घडवायचा, हे हॉट रॉडचं वेड तुमचं आणि आप्पांचं. आप्पा अर्धी गाडी सोडून देवाघरी गेले. आता आईने मुदत घातली आहे. दसऱ्याला मी स्वतः गाडी चालवत तिला औंधला यमाईच्या दर्शनाला नेलं तर गाडी माझी, नाहीतर खंडाळ्याच्या विश्वजीतदादाची. तो आप्पांचा पुतण्या, आणि त्यांच्याएवढाच ताडमाड. हे धूड दारात गंजत ठेवायचं नाही, असं आई म्हणते.

तेव्हा दांडा कापा. नवीन काही घडवू नका, फक्त कापा.

मामींना नमस्कार. चिडले असले तरी भाची तुमचीच आहे, एवढं ध्यानात असू द्यावं.

तुमची,
संयोगिता


इस्लामपूर,
३० जुलै २०२५

चि. संयोगितास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. काल नागपंचमी झाली. नागपंचमीला कापायचं-चिरायचं नसतं, हे ताईने तुला शिकवलं नसेल तर मी शिकवतो. म्हणून कटर बंद होता. आज चालू केला असता, पण तुझ्या पुठ्ठ्यावर माझा भरवसा नाही. पावसाळी हवेत पुठ्ठा फुगतो. मी फौजेच्या वर्कशॉपात ट्रक बांधले, एकाही ट्रकचं स्टिअरिंग कुणाच्या छातीत रुतल्याची तक्रार आली नाही.

तू पाठ टेकून बसत नसशील. तुझे आप्पा, आमचे दाजी, कसे ऐसपैस बसायचे, आठव. आणि लांब दांडा कधीही बरा. जास्तीचं कापता येतं, कमी पडलं तर काय करशील? सीटची चौकट मात्र नवीन करतो. इंजिनावर एक झाकणही करून पाठवतो. उघडं इंजिन म्हणजे मला धोतर सुटल्यासारखं वाटतं.

तुझी मामी म्हणते, ह्ये लय झालं, पोरीला बोलवून घ्या की. तिला म्हटलं, पोरगी वकील व्हायची ती चुकून ड्रायव्हर झाली. ताईला नमस्कार सांग. राग ओसरला की चार शब्द बरे लिही.

तुझा,
लालासाहेब मामा


सातारा,
९ सप्टेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

दांडा तुम्ही न कापताच धाडलात; तो, चौकट आणि झाकण, सगळं परत पाठवत आहे. झाकण मामींना चुलीवर काही झाकायला होईल.

नवीन चौकट मिळाली. चौकट नवीन, जागा जुनीच. वर माझ्या फर्म्याला बांधलेला दोरा मी बांधला तसाच गाठीसकट परत आला. म्हणजे तुम्ही तो सोडूनसुद्धा पाहिला नाहीत. काल फोन केला तर मामींकरवी निरोप, की पितृपंधरवड्यात नवं काम हातात घेत नाही. नागपंचमीला कापायचं नाही, अमावास्येला शेड बंद, आता पितर. मग गणपतीत काय अडलं होतं?

रविवारी विश्वजीतदादा आला होता. गाडीत बसला, पाय लांब केले, स्टिअरिंग धरलं. शिंप्याने अंगावर शिवल्यासारखं सगळं बरोबर. ही तर माझ्याच मापाची हाय, म्हणाला आणि हसला. आईही हसली. मी आत निघून गेले. मामा, स्पष्ट विचारते. तुम्ही ही गाडी त्याच्यासाठी करताय का? तसं असेल तर आताच सांगा. ही एवढी एक वस्तू मला आप्पांची हवी होती.

रागात जास्त लिहिलं असेल तर पोटात घालावं.

संयोगिता


इस्लामपूर,
१३ सप्टेंबर २०२५

चि. संयोगितास,
अ. उ. आ.

विश्वजीतचं माप मला ठाऊकही नाही. असलं पुन्हा लिहू नकोस, मला फार लागलं.

गाडीचं काम धरलं तेव्हा दाजींना मी शेडमध्ये पेटीवर बसवलं होतं. पाठ भिंतीला, हात पुढे, पाय सरळ. टाच कुठे येते, गुडघा कुठे, मूठ कुठे, सगळं खडूने भिंतीवर ओढून घेतलं. दाजी म्हणाले होते, लाला, भूत काढलंस की माझं. ते अजून तिथेच आहे. दिवाळीला शेडला चुना दिला, तेवढी भिंत सोडून. तुझा फर्मा येतो, मी तो खिळ्याला टांगतो, आणि दांडा घेऊन भिंतीपाशी जातो. त्यांच्या मुठीपर्यंत पोचला की मला बरं वाटतं. तू म्हणतेस कापा. कटर हातात घेतला की वाटतं, माणूस उद्या आला तर बसेल कुठे. हा वेडेपणा आहे हे मला कळतं. मामीला सांगितलेलं नाही.

तुझा,
मामा


सातारा,
१६ सप्टेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. मला एकटीलाच पुरलं.

मी पहिल्यांदा आप्पांच्या जीपमध्ये बसले तेव्हा त्यांनी चावी दिली नाही. म्हणाले, आधी सीट पुढं घे पोरी, गाडी चालवणाऱ्याच्या मापाची पायजे, मालकाच्या न्हाई. तेच वाक्य विकून मी आज पोट भरते. तुम्ही मात्र त्यांचं माप धरून बसलात आणि त्यांचं म्हणणं सोडलंत.

सर्वपित्री होऊ दे. घट बसले की पहिल्या रविवारी येते. पेटी पुसून ठेवा.

तुमच्यावरची चीड कायम आहे. मायाही आहे.

संयोगिता


इस्लामपूर,
३० सप्टेंबर २०२५

चि. संयोगितास,
अ. उ. आ.

उद्या खंडेनवमी. हत्यारं पूजेला बसली की हात लावता येणार नाही, म्हणून आजच कटर चालवला. तू रविवारी बसलीस ती तुझी रेघ दाजींच्या रेघेच्या पोटात सगळीच्या सगळी मावली. तुझी मामी बघत उभी होती. मग चहा ठेवायला गेली.

दांडा आणि चौकट तानाजी आज पोचवेल. पेठेतल्या मेकॅनिककडून बसवून घे. दांड्याचा कापलेला तुकडा टाकवला नाही. सीटच्या खाली आतल्या बाजूला वेल्डिंगचा टाका मारून जोडला आहे. उपयोग काही नाही, काढू मात्र नकोस.

हळू चालव. ताईला पुढे बसव.

तुझा,
मामा


सातारा,
३ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मामांस,
संयोगिताचा सा. न. वि. वि.

औंधला जाऊन आलो. पाय क्लचला पोचला, स्टिअरिंग हातात राहिलं. आई पुढे बसली आणि वाटभर म्हणत होती की इंजिनावर झाकण हवं होतं. शेवटी बहीण तुमचीच. विश्वजीतदादा मागे गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. उतरल्यावर कमर धरून म्हणाला, गाडी तुझीच गं बाई, मला नको.

देवळाखाली गाडी उभी केली तेव्हा सीटखाली हात घालून तो तुकडा चाचपला. मामा, तुमच्या हातचा टाका वाकडा आलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. दुसऱ्या कुणाचा असता तर त्याच पावली परत पाठवला असता.

तेवढा वाकडा राहू दे. शेडची ती भिंतही राहू दे.

दोघांनाही नमस्कार. पुढचं भांडण फोनवर करू, पण लोभ असाच, वीतभर जास्तीचा, असू द्यावा.

तुमची,
संयोगिता