फेतूचा एक किलो

रविवार, २ जुलै

वाचून दाखवलं! माझ्या पोरीचं वजन, भर चर्चमध्ये!

चर्चचा हिशेब ठेवणारा तुईलागी म्हातारा दर रविवारी कुणाच्या घरून किती दान आलं ते नावानिशी वाचतो. आज दान संपलं, चष्मा पुसला, आणि गुरुवारी सभागृहात नर्सने वजन उतरवायच्या वर्गातल्या पोरांची वजनं घेतली होती तीही वाचायला लागला! पाद्रीबाईंचा पुतण्या — दोन किलो कमी. टाळ्या. "डीकन सेफो यांची कन्या फेतू — एक किलो वाढ." वर आलेले हात तसेच राहिले. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी विंझणा तोंडाशी धरला. फेतू अकरा वर्षांची आहे. तिने कुठे तोंड लपवायचं?

बाहेर म्हाताऱ्याला गाठलं. म्हणतो, "अगं, नावं वाचली की दान वाढतं. म्हटलं, वजनही उतरेल!" मनाचा वाईट नाही तो. तेच तर — भांडायचं तरी कोणाशी!

सोमवार, ३ जुलै

इथे कोण वाचतंय, खरं लिहिते. तो किलो माझा आहे. वजनाच्या आदल्या रात्री पाद्रीबाई जेवायला होत्या. नर्सने सांगितलेलं म्हणून फेतूने अर्धंच ताट घेतलं, नारळाच्या दुधातला तारोचा कंद नको म्हणाली. पाहुण्यांसमोर! डीकनच्या घरी पोरीला पोटभर मिळत नाही, असं गावभर झालं असतं. मी तिच्या मांडीला चिमटा काढला. तिने खाल्लं. परत वाढून घेतलं, तेही खाल्लं. पाद्रीबाई म्हणाल्या, "किती गुणी पोर!" मला बरं वाटलं — याचीच जास्त लाज वाटते.

बुधवार, ५ जुलै

सेफो चिडलाय. "लोक बोलतील चार दिवस. अपियाच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर काय म्हणाले विसरलीस? साखर अगदी काठावर आहे तिची. माझ्या बापाचा पाय कशाने गेला?"

त्याला काय जातंय बोलायला. बायकांच्या ओळीत मी बसते.

गुरुवार, ६ जुलै

नाही पाठवली फेतूला वजनाला. नर्सला निरोप दिला — पोरच यायला तयार नाही.

फेतू बूट घालून पायरीवर बसली होती. "आई, मी तयार आहे की."

"गप. लोक काय म्हणतात ते तुला कळत नाही."

तिने बूट काढले.

मंगळवार, १८ जुलै

नेटबॉल! स्वतःच शोधून काढलं. शेजारच्या गावच्या शाळेत, दर मंगळवारी. बसने जाते, घामाघूम होऊन येते. सापही मेला नि काठीही मोडली नाही! किती दिवसांनी मी नीट जेवले.

मंगळवार, ८ ऑगस्ट

शाळेचा झगा सैल झालाय तिला! कमरेत टाचून दिला. सेफोला म्हटलं, बघ, चारचौघांत तमाशा न करताही होतं.

फेतू झगा सावरत आत पळाली.

मंगळवार, २२ ऑगस्ट

चुलतसासूबाई गेल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी टेबलं कमी पडली, म्हणून शेजारच्या गावच्या सभागृहात मागायला गेले. आत वजनकाटा. पोरांची रांग. रांगेत फेतू, नेटबॉलला म्हणून गेलेली! माझ्या तोंडून तिला हाकच गेली.

नर्स निराळीच होती, मला न ओळखणारी. हसून म्हणाली, "फेतूला न्यायला आलात? फार चिकाटीची हो! एरवी आई बरोबर लागतेच आमच्याकडे. पण हिची आई न्यूझीलंडला फळबागेत कामाला गेलीय ना, म्हणून एकटीला घेतली. तुम्ही कोण तिच्या?"

फेतू माझ्याकडे बघत होती.

"मावशी," मी म्हटलं.

तिचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला.